तिसरा हात

"याला हात किती हायत रे?" एलिजाकाकांनी विचारलं आणि मोबाइल माझ्याकडे परत दिला. मी म्हटलं, कोणाला? "ह्या तुझ्या ढोलकीवाल्याला. डावा हात धुमेवर दाबून बसलाय, तिचा घुमारा अजून संपला नाय, तेवढ्यात तिथंच मधे बोटाची टिचकी वाजते. तीन हात असल्याबिगर जमायचं नाय ते." एवढं बोलून ते हसले आणि शेजारी उघड्या पडलेल्या बॅगेत स्वेटर कोंबायला लागले. मीही हसलो. हसण्यावारी नेणं मला चांगलं जमतं. गुरुवारचे चार-साडेचार वाजले असतील. धाटावच्या कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून मी घरी पेणला न जाता उलटा रोह्याला आलो होतो, कारण दुपारी कँटीनमध्ये कोणीतरी म्हणालं की आपले जुने फिटर एलिजा रोहेकर चालले मुलीकडे, कायमचे, मंगळवारचं विमान आहे. त्यांची मुलगी दीना वीस वर्षं इस्रायलमध्ये, अश्दोदला आहे. तीन वर्षांपूर्वी दीनाच्या आई रेचलकाकी वारल्या तेव्हापासून ती बापाच्या मागे लागली होती आणि आता तेच हो म्हणाले होते. मी भेटायला गेलो, काय बोलावं ते सुचेना, म्हणून खिशातून मोबाइल काढून माझं नवं गणपतीचं गाणं लावलं. समोर माणूस आयुष्य दोन बॅगांत भरतोय आणि मी त्याला स्वतःचं गाणं ऐकवतोय. मोबाइल परत देताना त्यांचा उजवा हात थरथरत होता. ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. यातही माझा हात कोणी धरणार नाही.

रोह्याहून पेणला जायला नागोठण्यावरून जवळचा रस्ता आहे. मी मुद्दाम लांबून, कोलाडवरून गेलो. धाटावच्या फाटकातून जनरल शिफ्टच्या बसगाड्या निघत होत्या, त्यांच्या मागे मोटारसायकली, आणि हवेत तो आंबूस वास, जो आम्हाला येत नाही आणि पाहुण्यांना लगेच येतो. कोलाड गेलं तरी तीन हात, खांबला चहाला थांबलो तरी तीन हात. त्या गाण्यात ढोलकीवाला नाहीच. माझ्या गाण्यांत गाणारा सोडला तर कोणीच नसतं. पेणच्या घरात बाल्कनी बंद करून केलेली एक अरुंद खोली आहे, तिथे कॉम्प्युटर, माईक, कीबोर्ड आणि मी. ढोलकीचे सुटे आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलेत, एकेक थाप वेगळी, आणि मी बोटांनी पट्ट्या दाबून त्या थापांचे ठेके करतो. नुसत्या ओळीने लावल्या तर ते शिलाई मशीनसारखं वाजतं, कान किटतात. मग त्याला माणसात आणावं लागतं. एकच थाप लागोपाठ दोनदा आली की कानाला लगेच कळतं, म्हणून तीच थाप पाच-पाच वेळा घेतलेली असावी लागते, हलकी, मध्यम, जोरात. काही थापा केसभर आधी सरकवायच्या, काही केसभर नंतर. अंतऱ्याकडे जाताना जरा घाई, परत येताना जरा सैल. शेवटच्या कडव्यात हात दमल्यासारखा. कॉम्प्युटरमध्ये 'ह्युमनाइज' नावाचं एक बटणही असतं, ते दाबलं की तो आपल्या मनाने सगळं थोडंथोडं चुकवून देतो. मी ते वापरत नाही. ते उगीचच चुकतं. माणूस चुकतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी चाललेलं असतं. या माणसात आणण्याबद्दल माझं नाव आहे. अलिबागपासून महाडपर्यंतचे लोक मला फोन करून विचारतात, ढोलकीला कोण होतं हो? मी म्हणतो, आहे एक जण. आणि तो एक जण म्हणजे एलिजाकाका. त्या सगळ्या थापा त्यांच्या आहेत. आठ वर्षं मी त्यांच्या हातावर चौसष्ट गाणी केली आणि त्यांना एकदाही सांगितलं नाही.

चहा गार झाला. चहावाल्याने विचारलं, "दुसरा देऊ काय?" मी नको म्हटलं. मंगळवारी ते जातील आणि त्यांचा हात माझ्याकडे राहील, त्यांना माहीत नसताना, हे इतकं सरळ मला कधी दिसलं नव्हतं. कंपनीत मी नवा लागलो तेव्हा वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात हार्मोनियमला मला बसवलं आणि ढोलकीला हे. फिटरचे हात, नखांत काळं ग्रीस, आणि थाप पडली की मंडपाच्या कनाती हलाव्यात. त्यांच्या ज्यू लोकांच्या लग्नात मेंदीच्या दिवशी तेच वाजवायचे, आमच्या भजनालाही तेच, आणि शुक्रवारी दिवेलागणीनंतर आणि शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, म्हणून कोणी कितीही मोठी सुपारी आणली तरी नाही. सुपारी म्हणजे वाजवायला येण्याचं आमंत्रण. ते रिटायर झाल्यावर रोहा-पेणमधली आम्ही चार-पाच रेकॉर्डिंग करणारी मंडळी त्यांना बोलवायचो. मी थापा भरून घेतल्यावर माझी सुपारी थांबली. पुढे मी त्या थापा पेनड्राइव्हवर अजून दोघांना दिल्या, तेव्हा त्या दोघांचीही थांबली. मी काही हिसकावून घेतलं नव्हतं. मागितलं, त्यांनी दिलं. आठ वर्षं मी हेच वाक्य मनात घोळवत आलोय आणि दर वेळी ते अर्ध्यावर अडतं. त्यांना राग आला असेल का, हेसुद्धा मला ठाऊक नाही. त्यांना कळलं तरी असेल का? की ते आजही असंच समजतात की आता ढोलकी कोणाला नको झाली, म्हणून बोलावणं येत नाही? हे शेवटचं मला जास्त लागलं.

शुक्रवारी शिफ्टवरून आलो तो तडक खोलीत शिरलो. गाणं उघडलं आणि तिसरा हात शोधायला बसलो. हे काम चिकट आहे. एकेक आवाज बंद करायचा, उरलेलं ऐकायचं. उजव्या हाताची थाप बंद केली, मग धुम, ढोलकीच्या डाव्या तोंडाचा घुमारा, बंद केली, आणि उरली ती टिचकी, डाव्या हाताच्या बोटांची, हलकी, ठेक्यांच्या मधल्या जागा भरणारी. ती एकटी ऐकली आणि मी खुर्चीला पाठ टेकून बसलो. ती एलिजाकाकांची नव्हती. ती दुसऱ्याच खोलीत वाजलेली होती, दुसऱ्या ढोलकीवर, कोणा अनोळखी माणसाने वाजवलेली, मी इंटरनेटवरून घेतलेली. आठ वर्षं ऐकून ऐकून माझ्या कानाला ती घरचीच वाटायला लागली होती. काकांनी मोबाइलच्या त्या चिमुकल्या स्पीकरवर एकदा ऐकली आणि धरली. पण डाव्या हाताच्या हलक्या थापा त्यांच्या का नव्हत्या? मी सगळ्या घेतल्या होत्या ना? मला आठवेना. खरं सांगायचं तर आठवायला जीव होत नव्हता. माझी बायको भूमिका गणपतीच्या कारखान्यातून आली, हातपाय धुतले तरी तिच्या कोपराला पांढरा रंग राहिलेला असतो, दारात उभी राहून म्हणाली, "अंधारात काय बसलाय?" मी म्हटलं, काही नाही, एक आवाज हरवलाय. ती म्हणाली, "सापडेल. जेवायला चला."

शनिवारी सुट्टी होती. माळ्यावरून जुनी हार्डडिस्क काढली, तिच्यात त्या दिवसाचं मूळ रेकॉर्डिंग सापडलं, न कापलेलं, दोन तास चाळीस मिनिटांचं. मी त्यातून फक्त थापा कापून घेतल्या होत्या आणि बाकीचं परत कधी उघडलंच नव्हतं. सुरुवातीला माझाच आवाज, आठ वर्षांनी तरुण आणि अंमळ शहाणा, "काका, एकेक थाप मारायची, मग थांबायचं, आवाज पूर्ण विरू द्यायचा." मग एलिजाकाका म्हणतात, "घे." आणि थाप. आवाज विरतो. "घे." थाप. "घे." थाप. प्रत्येक थापेआधी घे. मला आठवलं, त्या घे कापताना मला केवढा वैताग आला होता, चारशेच्या वर होत्या, आणि दोन-तीन ठिकाणी घे संपायच्या आतच थाप पडल्यामुळे ती थाप वाया गेली म्हणून मी चडफडलो होतो. आता मी त्या नुसत्या ऐकत बसलो. एकही घे दुसरीसारखी नव्हती. एखादी नुसती पुटपुटल्यासारखी, एखादी चेष्टेची, ताटात वाढताना आग्रह करावा तशी एखादी. मधे रोहा स्टेशनाकडून गाडीची शिटी, आणि मग आतून रेचलकाकी, "अहो, पंखा लावू द्या गो बाई आता, माणसं मारता काय उकाड्यानं?" पंख्याचा आवाज येतो म्हणून मी तो बंद करायला लावला होता. भूमिका नारळ खवता खवता उठून आली. "काकींचा आवाज ना हा?" ती म्हणाली. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा काकींनी तिला मलिदा खाऊ घातला होता, गोड पोहे, खोबरं, वर फळं, आणि घरी न्यायला डबाभरून दिला होता. ती खाली बसली आणि आम्ही दोघंही ऐकायला लागलो. उजव्या हाताच्या सगळ्या झाल्या. डाव्याच्या जोरातल्या झाल्या, मध्यम झाल्या. "आता हलक्या," माझा आवाज म्हणाला, आणि काकांनी घे म्हटलं, आणि थाप पडायच्या आत काकी म्हणाल्या, "पुरे आता. दिवे लावायची वेळ झाली. शब्बाथ लागतोय." ढोलकी खाली ठेवल्याचा आवाज. मग काकांचा, अगदी जवळून, माईकशीच वाकून बोलल्यासारखा, "राहिलेलं रविवारी ये रे. हलक्याच तर राहिल्यात." आणि माझा, "येतो ना."

मी गेलो नाही. आता सगळं आठवत होतं, नको इतकं. आठ वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी सकाळीच मी थापा कापून कॉम्प्युटरमध्ये भरल्या, एक ठेका लावून पाहिला आणि तो इतका झकास वाजला की मला रविवारपर्यंत दम निघेना. राहिलेल्या हलक्या थापा मी दुसरीकडून घेऊन टाकल्या. हलक्याच तर होत्या, कोणाला कळणार? रविवारी सकाळी दहाला काकांचा फोन आला, "येतोस ना? ढोलकी ताणून ठेवलीय." मी म्हटलं, "काका, अचानक शिफ्ट लागली हो." आमच्याकडे सगळ्यात सोपं खोटं हेच. लग्न चुकवायचं असो, बारसं चुकवायचं असो, शिफ्ट लागली म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. काका म्हणाले, "बरं बरं. मग कधीतरी." ते कधीतरी आठ वर्षं तिथेच पडून राहिलं होतं. भूमिकाला यातलं मी काही सांगितलं नाही, पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या कामाचंच काही बोलल्यासारखं बोलली. ती गणपतींच्या डोळ्यांची आखणी करते. मूर्ती साच्यातून निघतात, शेकड्याने, सगळ्या सारख्या, आणि डोळे मात्र हाताने. "आमच्याकडं एक डोळा आखून कोण उठला ना, ताप आला म्हणा, घरनं फोन आला म्हणा, तर दुसरा डोळा दुसऱ्यानं आखायचा नाय. मूर्ती तशीच ठेवायची. तो येईल तेव्हा येईल." मी विचारलं, आणि नाहीच आला तर? "येतो," ती म्हणाली, "एका डोळ्याचा गणपती ठेवून कोण जातंय?" आणि उठून नारळाकडे गेली. मी तेवढ्यात फोन उचलून काकांना लावला. वाजत राहिला. शनिवार होता. शनिवारी ते फोन घेत नाहीत, हे मला पंधरा वर्षं ठाऊक आहे.

रविवारी सकाळी निघालो. पाठीवर पिशवी, पिशवीत लॅपटॉप, माईक, हेडफोन. वाटेत खांबला पानाच्या टपरीवर एक सुपारी विकत घेऊन त्यांच्या हातावर ठेवावी असं मनात आलं, मग ते फारच नाटकातलं वाटलं म्हणून घेतली नाही, मग कोलाडपर्यंत वाटत राहिलं की घ्यायला हवी होती. काय बोलायचं ते मी गाडीवर पाठ करत होतो. काका, तुम्हाला एक सांगायचंय. काका, ती माझी गाणी आहेत ना. प्रत्येक वाक्य हेल्मेटमध्ये मोठ्याने म्हणून पाहिलं आणि प्रत्येक खोटं वाटलं. त्यांच्या दाराशी गेलो तर दार उघडंच होतं. बॅगा भिंतीशी उभ्या केलेल्या, भिंतीवर फोटो काढून नेल्याचे पांढरे चौकोन, आणि मधोमध सतरंजीवर एलिजाकाका बसलेले, पुढ्यात ढोलकी. ताणलेली. त्यांनी वर पाहिलं. "ये," ते म्हणाले. "रविवारी ये बोललेलो, आलास. आठ वर्षं उशीर झाला, एवढंच."

पाठ केलेलं एकही वाक्य आलं नाही. मी चपला काढल्या, उंबऱ्यातच खाली बसलो आणि म्हटलं, "काका, त्या रविवारी मला शिफ्ट नव्हती." "ठाऊक हाय," ते म्हणाले. "त्या आठवड्यात तुमच्या प्लांटला शटडाऊन होतं. शिफ्ट लागायला प्लांट तरी चालू पायजे ना? तीस वर्षं फिटर होतो मी तिथं, मलाच सांगतोस!" माझे कान गरम झाले. जगातल्या कोणालाही चाललं असतं ते खोटं, या एका माणसाला सोडून, आणि मी नेमकं त्यालाच सांगितलं होतं. मी म्हटलं, "मी तुमचा हात वापरला काका. सगळ्या गाण्यांत. न विचारता." ते ढोलकीची दोरी चाचपत होते. "दोन तर माझेच हायत, ते काय मला कळत नाय? तिसरा कोण पावना आणलास ते विचारलं मी परवा." मग म्हणाले, "गणपतीत रिक्षावाले गाणी लावतात ना, त्यात यायचा माझा हात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा रेचल बोलली, अहो, हे तुम्हीच की. कधी गेलेलात वाजवायला? काय सांगणार तिला? बोललो, गेलो असेन." मला वाटत होतं, त्यांना माहीत नाही. दर वर्षी, रोह्याच्या रस्त्यावर, भाजी घेताना, बायकोसमोर, त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी बायकोशी माझ्यासाठी खोटं बोलून माझी लाज राखली होती. माफ करा म्हणावं तर तेही मला तोकडं वाटलं. तरी म्हटलं. ते म्हणाले, "असू दे आता. रागावलो होतो. दोन वर्षं चांगलाच रागावलो होतो. मग दमलो."

मी लॅपटॉप उघडून हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले आणि मूळ रेकॉर्डिंग लावलं, पंख्याच्या जागेपासून. ते डोळे मिटून ऐकत होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांचा चेहरा दिसत होता, आणि कुठे काय आहे ते मला पाठ होतं. पंख्याला ते हसले. "चिडलीय बघ कशी," ते मोठ्याने म्हणाले, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तसं. मग बराच वेळ थापा. मग दिवे लावायची वेळ आली, ती मला त्यांच्या तोंडावर कळली. त्यांनी हेडफोन काढला नाही, नुसतं बोट फिरवून खूण केली, परत. मी परत लावलं. तीनदा लावलं. हे मी थापा कापताना बाजूला टाकलं होतं, नको असलेला आवाज म्हणून. त्यांनी हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "हे दीनाच्या फोनवर पाठव. आणि माईक लाव तुझा. हलक्या राहिल्यात."

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. आता तो थरथरत होता हे न पाहिल्यासारखं मला करता येईना. त्यांनी माझी नजर धरली. "उजवा गेला," ते म्हणाले. "डावा पण जोराचं काय मारत नाय आता. हलक्या मारतो. तुला त्याच तर पायजेत." मी उठून पंखा बंद करायला गेलो तर म्हणाले, "राहू दे चालू." मी माईक लावला, हेडफोन घातला. कानात पंखा आला, रस्त्यावरची रिक्षा आली, त्यांचा श्वास आला. त्यांनी डावा हात धुमेवर ठेवला. "घे," ते म्हणाले, आणि बोटं पडली. इतकी हलकी की आवाजापेक्षा चामड्यावर बोट टेकल्याचं जास्त ऐकू आलं, आणि त्या एका टिचकीत एक बारीकसा कंप होता, दोन थापांची मिळून एक झालेली. असं मी माझ्या खोलीत बसून कधी काढू शकलो नसतो, सुचलंच नसतं. "घे." दुसरी. "घे." तिसरी. पाच पुरतात. दहा म्हणजे चैन. वीस झाल्या, चाळीस झाल्या, मला हवं होतं ते कधीच मिळालं होतं, आणि ते थांबत नव्हते. घे, घे, करत होते, माझ्याकडे बघतही नव्हते. मधे एकदा त्यांचा हात हवेतच राहिला आणि त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. आत भांडी बांधून ठेवलेल्या गोणीशिवाय काही नव्हतं. पुरे म्हणायचं काम आता माझ्याकडे आलं होतं. मी म्हटलं नाही. त्यांनी हात खाली आणला आणि म्हणाले, "घे."